साहेब येण्याआधीचं इंजिन

आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांचा विषय निघाला की कुणीतरी हसतं आणि म्हणतं, "माणूस चांगला होता हो, पण जरा सरकलेला." म्हणणारे बहुतेक त्यांचेच विद्यार्थी असतात. कुणी बँकेत आहे, कुणी सांगलीत वकिली करतो, एकजण साखर कारखान्यात केमिस्ट आहे. सरकलेला म्हणजे कुठून कुठे, असं विचारलं की त्यांना सांगता येत नाही. पूर्वी मी हे ऐकून गप्प बसायचे. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेली मी पहिलीच, चार शिकलेल्या माणसांत तोंड उघडायची सवय नव्हती. आता उघडते. मी पदवीधर झाले ती या माणसाच्या भांडखोरपणामुळे, आणि त्या भांडखोरपणाला कुणी वेड म्हटलेलं मला खपत नाही.

सर सांगलीच्या खालच्या अंगाचे, कृष्णाकाठच्या जैन शेतकरी घरातले. बोलण्यात मधेच कानडी हेल यायचा. मुलींना ते 'अक्का' म्हणत, अगदी परकरातल्या पोरीलासुद्धा. एवढं ऊस-पाण्याचं गाव सोडून ते आमच्या डोंगरात, कोयना धरणाच्या फुगवट्याकाठी, भूकंपानंतर उभारलेल्या पत्र्याच्या शाळेत का आले, हे कुणाला कळलं नाही. ते दिवस मावळायच्या आत जेवत. कांदा-बटाटा खात नसत. पावसाळ्यात आमच्याकडे दुसरी भाजी मिळायची मारामार. नाचणीची भाकरी आणि आमटी यांवर माणूस सगळा पावसाळा काढायचा आणि वर "मला काय कमी हाय?" असं आमच्यावरच ओरडायचा.

ओरडणं हा त्यांचा नेहमीचा आवाज होता. एकदा वर्गात विंचू निघाला. एका मुलाने चप्पल उचलली. सरांनी विंचवाला पाटीवर घेतलं, कुंपणाबाहेर दगडाखाली नेऊन सोडलं आणि परत येऊन त्या मुलाला असा काही फैलावर घेतला, की विंचू चावला असता तर बरं, असं त्या पोराला वाटलं असेल. सगळ्या मास्तरांच्या खिशाला पेन असे. सरांच्या खिशाला टेस्टर असे. लिहायची वेळ आली की ते पहिल्या बाकावरच्याचं पेन मागत आणि नेमाने परत द्यायला विसरत.

त्यांना एका शब्दाची चीड होती. तो शब्द 'कधीकधी'.

"सर, माझ्या पोटात कधीकधी दुखतं."

"कधीकधी म्हणजे कवा? जेवल्यावर, का पळल्यावर, का गणिताच्या तासाला?"

पोरगं विचार करून म्हणालं, "गणिताच्या."

"मग पोटाला कशाला औषध? गणिताला आण."

सगळे हसले. सर हसले नाहीत. त्यांनी गणिताच्या मास्तरांना गाठलं आणि ते पोराच्या पोटात ठोसे मारून पाढे विचारतात, हे बाहेर काढलं. ही गोष्ट सांगताना लोक पोटदुखीपर्यंत सांगतात आणि थांबतात. पुढचं सांगत नाहीत.

तपासणीला साहेब यायचे असले, की सगळ्या शाळांत करतात तेच आमच्याकडे व्हायचं. चुना, रांगोळी, हुशार मुलं पहिल्या बाकावर, कच्ची मुलं त्या दिवशी गुरं राखायला. सर मुद्दाम आदल्या संध्याकाळी घरोघर जाऊन कच्च्या मुलांना बोलावून आणत आणि पहिल्या बाकावर बसवत. एका वर्षी साहेबांनी पहिल्याच मुलाला उठवलं. त्याला काही येईना. हेडमास्तर घामाघूम झाले. सर पुढे झाले आणि म्हणाले, "साहेब, हे पोरगं मला शिकवता येईना झालंय. कसं शिकवू सांगा. येणाऱ्या पोरांस्नी बगून काय करणार? ती तुमच्याशिवायबी शिकत्यात." साहेबांनी घड्याळ बघितलं. सरांची पगारवाढ त्या वर्षी अडली. हेडमास्तर मात्र त्यानंतर कितीतरी दिवस सरांची नक्कल करून शिक्षकांना हसवत होते.

आता लाँचचं सांगते, कारण माझं सगळं आयुष्य त्या लाँचवर अडकलं होतं.

धरणात पाणी चढलं आणि पलीकडची गावं तुटली. तिकडून बाजाराला, दवाखान्याला, एसटीला यायचं तर पाटबंधारे खात्याची लाँच हा एकच रस्ता. त्या लाँचवर माझे वडील ड्रायव्हर होते. आबा फौजेत गाडी चालवून हवालदार म्हणून पेन्शनीत आले होते. गावात त्यांना हवालदारच म्हणत. लाँचचं इंजिन जुनं, पेट्रोलवरचं, कुठल्यातरी मोडीतून आलेलं. आबा त्याला पलटणीतल्या बुटासारखं चकचकीत ठेवत. खात्याचे साहेब येणार असा निरोप आला, की आदल्या संध्याकाळी पेट्रोलचा बोळा घेऊन ते इंजिनाचा कानाकोपरा पुसत. सकाळपासून इंजिनावरच्या लाकडी पेटीचं झाकण उघडून ठेवत, म्हणजे साहेबांची नजर पहिल्यांदा त्या चकचकाटावर पडावी.

आणि हे इंजिन पाण्याच्या मधोमध बंद पडायचं. रोज नाही. चांगलं चाललेलं असताना एकदम ठसके देई, आणि गप्प. आबा झाकण उघडत, हँडल मारून मारून घामेजत, आणि बऱ्याच वेळाने ते आपणहून चालू होई. साताऱ्याहून मेकॅनिक आला. प्लग बदलले, पॉइंट घासले, कॉइल बदलली. तो असेपर्यंत इंजिन शिलाई मशीनसारखं चाललं. तो गेला आणि दोन-चार दिवसांत पुन्हा तेच. दुसऱ्यांदा साहेबच त्याला घेऊन आले. पुन्हा शिलाई मशीन. कागदावर लिहिलं गेलं, 'दोष आढळला नाही.'

या तीन शब्दांचा मला अजून संताप येतो. इंजिनात दोष नाही, मग लाँच थांबते कशी? ड्रायव्हर थांबवतो. लोक बोलायला लागले, "हवालदार पेट्रोल इकतोय आन टाकीत रॉकेल वततोय." ज्या माणसाने सरकारी काडेपेटी घरच्या चुलीला लावली नाही, त्याच्याविषयी हे बोलणं. बोलणाऱ्यांत आमच्या भावकीतलेही होते.

मग दिवाळीच्या सुमाराला पलीकडच्या गावातली एक अडलेली बाई दवाखान्याला न्यायला लाँचमध्ये घातली आणि लाँच धुक्यात मधोमध थांबली. बाळ तिथेच झालं. बरोबरच्या म्हातारीच्या हातगुणाने दोघं वाचली. पण पलीकडची गावं पेटली, आणि ते बरोबरच होतं. त्यांनी तक्रार केली. खात्याचा निरोप आला, की साहेब स्वतः लाँचने पलीकडे जाऊन लोकांचं ऐकतील, आणि इंजिन ठीक निघालं तर ड्रायव्हरला घरी बसवतील.

मी तेव्हा साताऱ्याला कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते, सुट्टीला घरी आले होते. आईने माझी ट्रंक माळ्यावर टाकली. "आता बास झालं श्याणपन," एवढंच म्हणाली. आबा गणवेशाला इस्त्री करत होते.

सर त्याच संध्याकाळी, जेवण उरकून, आमच्या दारात आले.

"हवालदार, इंजिन बंद कवा पडतं?"

"कदीबी पडतंय, मास्तर."

झालं! सर दारातच असे कडाडले, की शेजारची कुत्री भुंकायला लागली. "कदीबी म्हणजे कवा? सकाळी का दुपारी? थंडीत का उनात? भरल्या लाँचला का रिकाम्या?"

आबा दुखावले. "मास्तर, आमी आयुष्यभर विंजनं चालवली. शाळेतल्या पोरांगत इचारू नगा."

सरांनी मग आबांचा नाद सोडला आणि सकाळच्या पहिल्या फेरीला धक्क्यावर उभं राहायला सुरुवात केली. उतरणाऱ्या प्रत्येकाला तोच प्रश्न. लोक टाळायला लागले. कुणी म्हणालं, मास्तर आता लाँचची तोंडी परीक्षा घेतोय. पण तूप घेऊन बाजाराला येणारी एक म्हातारी थांबली. तिने तुपाची किटली खाली ठेवली, पदराने तोंड पुसलं आणि सांगितलं, "सकाळच्यालाच पडतंया. धुकं असलं की हमखास. उनाळ्यात न्हाई बया कवा. आन सायब असला की तर न्हाईच. सायबाला लय भितंया ते."

सगळा धक्का हसला. सर हसले नाहीत. ते माझ्याकडे वळले, मी आबांचा डबा घेऊन आले होते.

"अक्का, इंजिनाला साहेब वळखू येतोय व्हय?"

"नाही, सर."

"मग साहेब यायच्या आधी त्या इंजिनाचं काय होतं? सांग. काय करता तुमी त्याला?"

मी सांगितलं. पेट्रोलचा बोळा, पुसणं, सकाळपासून उघडं झाकण. सांगता सांगता माझंच बोलणं मंदावलं. सर मटकन धक्क्याच्या दगडावर बसले आणि त्यांनी स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला.

त्यांनी मला तिथेच समजावलं. प्लगांना करंट वाटून देणारी एक काळी टोपी इंजिनावर असते. ती जुनी झाली, तिला केसासारखी चीर गेली आणि चिरेत तेलकट मळ बसला, की ओल धरल्यावर करंट प्लगपर्यंत जायच्या ऐवजी त्या चिरेतून भलतीकडे पळतो. थंडीच्या सकाळी लाँचच्या तळातलं पाणी इंजिनाच्या धगीने वाफाळतं. झाकण बंद असलं, की ती वाफ पेटीत कोंडते आणि टोपीवर बसते. इंजिन मेलं, की आबा झाकण उघडतात, वाफ जाते, टोपी सुकते, इंजिन चालू. आणि साहेबाच्या दिवशी टोपी पेट्रोलने पुसलेली, झाकण सकाळपासून उघडं. दुखणं दिसणार कुठून? "मेकॅनिक वाईट न्हाई," सर म्हणाले, "त्याला तुमी आजारी इंजिन दाखवलंच न्हाई कवा."

"मग टोपी बदलायला सांगू या," मी म्हणाले.

"सांगून काय उपेग? नवा भाग आणायला दोष लिहिलेला पायजे म्हणं. आणि कागदावर दोष न्हाईच."

पण ही गोष्ट आबांच्या गळी उतरवणं सोपं नव्हतं. साहेब यायच्या आदल्या संध्याकाळी, शेवटची फेरी संपल्यावर, धक्क्यावर जे भांडण झालं ते मी विसरणं शक्य नाही. आबांच्या हातात बोळा, सर पेटीच्या झाकणावर मांडी घालून बसलेले.

"उठा, मास्तर."

"न्हाई उठत."

"आवं, साब येनार आन विंजन घान ठिवू? इन्स्पेक्शनला कदी बुटावर डाग चालला न्हाई आमाला!"

"डॉक्टर येणार म्हणून तापकऱ्याला पावडर लावून खुर्चीत बसवता व्हय? ह्याला इमान म्हणत न्हाईत, हवालदार!"

आबांचा चेहरा काळा पडला. ते खालच्या आवाजात म्हणाले, "मास्तर, तुमी ह्या पोरीला शिकीवलं, म्हनून ऐकून घेतोय. पर नोकरी माजी हाय. घान विंजन बगून सायब उद्याच हाकलंल."

"आणि चकचकीत बगून परवा हाकलंल. दोष न्हाई म्हणून लिहिलंय त्यांनी. इंजिनात न्हाई, मग कुणात हाय? तुमच्यात! तुमीच पुसून पुसून स्वतःचा गळा कापून घ्यालाय की!"

आबा बोळा घेऊन उभेच राहिले. सर खाली उतरले, आणि त्यांनी खिशातून शाळेच्या प्रयोगशाळेचं कुलूप काढून पेटीच्या कडीला लावलं. किल्ली आतल्या खिशात टाकली.

सकाळी धुकं इतकं, की धक्क्यावरून लाँचचं नाक दिसेना. आबा कडक गणवेशात, मान खाली. धक्क्यावर खात्याचा मुकादम होता. तो कुलूप बघून थयथय नाचत होता. "सरकारी मालाला कुलूप? मास्तर, बेड्या पडत्याल!" साहेब मफलर गुंडाळून आले. त्यांनी विचारलं, "झाकण का बंद आहे?"

सर म्हणाले, "रोज बंदच असतंय, साहेब. लोक असंच बसून जातात. आज तुमीबी बसा."

साहेबांच्या चेहऱ्यावर नाराजी होती, पण पलीकडे गाव जमलं होतं, जाणं भाग होतं. इंजिन चालू झालं. मी सरांच्या शेजारी बसले होते, समोर बाजार करून रात्री इकडेच राहिलेली ती तूपवाली म्हातारी. धक्का दिसेनासा झाला आणि मी देवाला विनवायला लागले, की हे इंजिन बंद पडू दे. आबांच्या लाँचसाठी असं मागणं मी कधी मागेन, असं वाटलं नव्हतं. इंजिन सुरेख चाललं होतं. मुकादम माझ्याकडे बघून हसला.

मधोमध पाण्यात त्याने पहिला ठसका दिला. मग दुसरा. मग सगळं शांत झालं. नुसतं पाणी फळीला लागल्याचा आवाज.

साहेबांनी बाकाची कड घट्ट धरली. "आता काय?"

"आता बगा," सर म्हणाले. त्यांच्या तोंडावर दिवाळी होती. त्यांनी कुलूप काढलं, झाकण उचललं. आतून भाताच्या पातेल्यासारखी वाफ बाहेर आली. पेट्रोलचा वास नाही ना, हे त्यांनी आधी वाकून बघितलं. मग तूपवाल्या म्हातारीच्या अंगावरची घोंगडी मागून घेतली, म्हणाले, "साहेब, इकडं या. मुंडी घाला आत," आणि साहेबांचं आणि स्वतःचं डोकं एकाच घोंगडीखाली घेऊन इंजिनावर वाकले. "हवालदार, मारा हँडल!"

आबांनी हँडल मारलं. घोंगडीखालून सरांचा आवाज आला, "दिसली? ती निळी रेघ? टोपीवरनं पळाली बगा! पुन्ना मारा, हवालदार!" आबांनी पुन्हा मारलं. आणि मग साहेबांचा आवाज आला. शाळकरी मुलासारखा. "अरे हो! दिसली, दिसली!"

मुकादमाचं हसू कुठल्या कुठे गेलं होतं. आबा हँडल हातात धरून उभे होते, आणि त्यांच्या कडक कॉलरवर डोळ्यांतलं पाणी पडत होतं. म्हातारी म्हणाली, "माजी घोंगडी तेलानं भरवू नगा म्हंजे झालं."

नवी टोपी आली. आबांची नोकरी राहिली. आईने माझी ट्रंक माळ्यावरून खाली काढली. इथे गोष्ट संपायला हवी होती. पण खात्याच्या कागदावर जे आलं ते असं, की 'साहेबांनी समक्ष पाहणी करून इंजिनातील दोष शोधून काढला.' सरांचं नाव एकाच ठिकाणी होतं: सरकारी मालमत्तेला विनापरवाना कुलूप लावल्याबद्दल त्यांना समज द्यावी, असं शाळा चालवणाऱ्या संस्थेला कळवलं होतं. ज्या साहेबांनी त्यांच्याबरोबर एकाच घोंगडीत डोकं घालून "दिसली, दिसली" म्हटलं, त्यांचीच त्यावर सही. हेडमास्तरांना एवढंच निमित्त हवं होतं. उन्हाळ्यात सरांची बदली वडूजकडच्या शाळेवर झाली, जिथे धरण नाही, लाँच नाही, प्यायच्या पाण्याची ओरड. गावातलं कुणी संस्थेकडे गेलं नाही. आबा गेले, एकटे, गणवेश घालून. त्यांना बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं आणि संध्याकाळी परत पाठवलं.

निरोप द्यायला मी एसटीपाशी गेले, तेव्हा मला रडू आवरेना. सर माझ्यावर ओरडले, "अक्का, रडायला काय झालं? तिकडं विहिरीवरचे पंप बंद पडत्यात म्हणं." मग त्यांनी माझ्याकडे बारीक डोळ्यांनी बघितलं आणि म्हणाले, "कधीकधी."

त्यांना हसताना मी तेव्हा बघितलं.

सर गेले त्याला आता काही वर्षं झाली. परवा आमच्या शाळेत त्यांच्या फोटोचं अनावरण होतं. शाळा आता पक्की आहे. मी सांगलीहून गेले, आबांनाही नेलं. फोटो बघून मला ओळखच पटेना. स्टुडिओवाल्याने सरांच्या अंगावर कोट रंगवला होता, केस बसवले होते, आणि खिशातला टेस्टर काढून तिथे सोनेरी टोपणाचं पेन लावलं होतं. मी आताच्या हेडमास्तरांना विचारलं, हे कुणी केलं? ते म्हणाले, "मॅडम, टेस्टर बरा दिसत नव्हता. प्रमुख पाहुणे मोठे होते ना!" मी त्यांना काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. पाहुण्यांनी भाषणात 'शांत, मितभाषी, शिस्तप्रिय शिक्षक' असं म्हटलं, तेव्हा मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. या वेळी त्या हसण्याचा मला राग आला नाही.

कार्यक्रम आटोपल्यावर आबा काठी टेकत फुलं वाहायला गेले. त्यांना आता दिसायला कमी येतं. ते काचेच्या अगदी जवळ गेले, आणि त्यांना तिथली धूळ दिसली असावी, कारण त्यांनी खिशातून इस्त्रीचा रुमाल काढला. घडी मोडली. हात काचेपर्यंत गेला.

मग तो तिथेच थांबला. आबांनी रुमालाची पुन्हा घडी घातली आणि खिशात ठेवली.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "मास्तर वरडत्याल."